आवाज गेला आणि त्यातूनच एक घराणं उभं राहिलं : कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट

पैलवानाचा पाय मोडला तर त्याची कुस्ती संपते. मग गवयाचा आवाजच गेला तर?

एकोणिसाव्या शतकात राजस्थानातल्या एका तरुण गवयावर ही वेळ आली होती. लहानपणापासून घासून तयार केलेला गळा ऐन उमेदीच्या काळात बसला. काही काळाने आवाज परत आला, पण पूर्वीचा गोडवा आणि धार त्यात उरली नव्हती. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं, पोटापाण्याचं साधनही गाणंच. दुसरा कुणी असता तर त्याने तंबोरा गवसणीत घालून ठेवला असता.

या माणसाने उरलेल्या आवाजासाठी गाणंच नव्याने घडवलं. पुढे तो कोल्हापुरात आला आणि त्याच्या गाण्याचं घराणं झालं. आज ते जयपूर-अत्रौली घराणं म्हणून ओळखलं जातं आणि त्या गवयाचं नाव आहे उस्ताद अल्लादिया खाँ.

केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरी आमोणकर ही नावं तुम्ही ऐकली असतील. या सगळ्यांच्या गाण्याचं मूळ शोधत गेलात की शेवटी याच एका माणसापाशी पोहोचता.

‘अल्लाने दिलेला’ मुलगा

अल्लादिया खाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानात टोंकजवळच्या उनियारा इथे झाला. खरं नाव गुलाम अहमद. आधीची मुलं जगली नव्हती, त्यामुळे हा मुलगा अल्लानेच दिला असं समजून घरचे त्याला अल्लादिया म्हणू लागले. पुढे तेच नाव कायमचं झालं.

घराणं मूळचं अलीगढजवळच्या अत्रौलीचं. आपले पूर्वज हिंदू होते आणि नाथ विश्वंभर नावाच्या गायकापासून आपला वंश सुरू होतो, असं हे कुटुंब सांगत आलं. घरात धृपदाची परंपरा होती. वडील अहमद खाँ लहानपणीच गेले आणि मुलाच्या तालमीची जबाबदारी काका जहांगीर खाँ यांनी घेतली. ते जयपूरला असायचे. घराण्याच्या नावात ‘जयपूर’ आणि ‘अत्रौली’ ही दोन्ही गावं आहेत ती अशी.

तालीम आधी धृपदाची झाली आणि मग ख्यालाची. हा क्रम महत्त्वाचा आहे. धृपदात शब्द, ताल आणि रागाची चौकट यांची शिस्त कडक असते, तर ख्यालात कल्पनेला मोकळीक जास्त. अल्लादिया खाँ पुढे ख्याल गाऊ लागले, तरी त्याखालचा पाया धृपदाचाच राहिला.

त्या काळी जयपूरला मुबारक अली खाँ नावाचे मोठे ख्यालगायक होते. त्यांच्या तानांची चाल सरळसोट नसायची, वळणं घेत घेत त्या भलत्याच ठिकाणी निघायच्या. तरुण अल्लादियांवर या गाण्याचा खोल परिणाम झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आवाज गेला ती घटना

तेव्हा गवयाचं पोट राजेरजवाड्यांवर चालायचं. एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात जायचं, मैफल करायची, बिदागी घ्यायची आणि जमलं तर नोकरीला राहायचं. अल्लादिया खाँ यांनीही उत्तरेतली कितीतरी संस्थानं पालथी घातली.

अशाच भटकंतीत ते आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात पोहोचले. तिथल्या अधिपतीला गाण्याचं वेड होतं, पण ते वेड गवयाला महागात पडलं. सलग काही दिवस, तासन्‌तास खाँसाहेबांना गावं लागलं. नाही म्हणायची सोय नव्हती. गळ्यावर ताण आला आणि आवाज बसला.

बराच काळ ते गाऊच शकत नव्हते. आवाज परतला तेव्हा तो जाड, भरड झाला होता. पूर्वीसारखा सहज फिरत नव्हता.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे जुन्याच पद्धतीने गात राहायचं आणि लोकांची हळहळ ऐकायची. दुसरी म्हणजे या आवाजाला काय शोभेल ते शोधायचं. त्यांनी दुसरी वाट धरली.

नुसत्या गोडव्यावर श्रोत्याला धरून ठेवता येणार नव्हतं, म्हणून भर लयीवर आणि बांधणीवर गेला. विलंबित तीनतालासारखा ताल घ्यायचा, खुल्या आकारात गायचं, सुरांची एकात एक गुंफलेली साखळी लयीच्या अंगाने पुढे न्यायची आणि श्रोत्याला कळायच्या आत अलगद समेवर यायचं. मुबारक अली खाँ यांच्या त्या वळणदार ताना इथे कामी आल्या. धृपदाची शिस्तही कामी आली. आवाजाच्या मर्यादेतून ही गायकी घडत गेली, असं अनेक जाणकार मानतात.

या गायकीत सूर आणि लय एकमेकांना सोडत नाहीत. ऐकताना ती सोपी वाटते, पण गायला बसलं की दम निघतो.

कोल्हापूर आणि शाहू महाराज

१८९५ च्या सुमारास अल्लादिया खाँ कोल्हापूरला आले. शाहू महाराजांना गादीवर येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. महाराजांचं कुस्तीवरचं प्रेम सगळ्यांना माहीत आहे, पण गाणं, नाटक आणि चित्रकला यांनाही त्यांनी तितक्याच मनापासून आश्रय दिला. खासबाग मैदान आणि त्याला लागून असलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ही दोन्ही त्यांच्याच काळातली.

चाळिशीला आलेल्या खाँसाहेबांना इथे दरबार गायकाची जागा मिळाली. गावोगाव फिरणं थांबलं. शाहू महाराजांचं ६ मे १९२२ रोजी निधन झालं, तोपर्यंत म्हणजे जवळजवळ पाव शतक कोल्हापूर हेच त्यांचं घर होतं.

गावही गाण्याला तयार होतं. १८८३ साली सुरू झालेल्या गायन समाज देवल क्लबमुळे इथे गाणं ऐकणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची फळी उभी राहिली होती. कोल्हापूर भागातले गोविंदराव टेंबे याच वातावरणात वाढले. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली देणारे आणि ‘अयोध्येचा राजा’ चित्रपटाला संगीत देणारे टेंबे ते हेच. ते खाँसाहेबांच्या साथीला पेटी वाजवायचे आणि साथ करता करता त्यांची गायकी टिपायचे. पुढे खाँसाहेबांचं चरित्रही त्यांनीच मराठीत लिहिलं.

भास्करबुवा बखले आधी इतर घराण्यांच्या उस्तादांकडे शिकले होते. तेही खाँसाहेबांचे शिष्य झाले. हे भास्करबुवा बालगंधर्वांचे गुरू. त्यामुळे मराठी रंगभूमीच्या गाण्यातही या गायकीचा अंश झिरपला.

सूर तेच, मग राग वेगळा कसा?

अल्लादिया खाँ यांची आणखी एक ओळख म्हणजे अनवट राग. अनवट म्हणजे फारसे कुणी न गाणारे. नट कामोद, बसंती केदार, संपूर्ण मालकंस, सावनी कल्याण, भूप नट, ललितागौरी, खोकर अशा रागांची या घराण्यात रेलचेल आहे. काही राग खाँसाहेबांनी विस्मरणातून वर आणले, काहींना स्वतः नवं रूप दिलं.

हे काम किती अवघड आहे ते समजायला पेटीवर एक छोटा प्रयोग करून बघता येतो. पेटी नसेल तर मोबाइलवरचं पियानोचं ॲपही चालेल.

पांढरी एकला सा धरा. आता सा, रे, ग या पहिल्या तीन पांढऱ्या पट्ट्या वाजवा. पुढे तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी म्हणजे काळी तीन, काळी चार, काळी पाच वाजवा आणि वरच्या सा वर या. सा धरून सहा सूर झाले. प्रत्येक दोन सुरांमध्ये अगदी सारखं अंतर आहे, म्हणजे मध्ये एक पट्टी सोडून पुढची. पाश्चात्त्य संगीतात याला होल टोन स्केल म्हणतात. फ्रेंच संगीतकार द्यबुसी याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पियानोच्या रचनांमध्ये ते भरपूर वापरलं.

वाजवताना काहीतरी तरंगतंय, कुठेच टेकत नाही, असं वाटेल. त्याचं कारण साधं आहे. सगळी अंतरं सारखी असल्याने कुठल्याही सुरापासून सुरुवात केली तरी नमुना तोच मिळतो. मग घर कुठलं आणि पाहुणा कोण, हे कानाला कळत नाही. शिवाय यात पंचमच नाही. तंबोऱ्यावर पंचम लावला, तर तो तीव्र म आणि कोमल ध या दोघांच्या बरोबर मधे येऊन दोघांनाही टोचतो. कर्नाटक संगीतात याच सुरांचा गोप्रिया नावाचा राग आहे. हिंदुस्थानी संगीतातले रोजच्या ऐकण्यातले राग मात्र या वाटेने जात नाहीत.

आता मारवा बघा. त्यातही सहाच सूर आहेत आणि त्यातही पंचम नाही: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पण इथे अंतरं असमान आहेत. सा ते कोमल रे अगदी जवळ, कोमल रे ते ग लांब, ग ते तीव्र म मध्यम, पुढे तीव्र म ते ध पुन्हा लांब. या चढउतारामुळे मारव्याला चेहरा मिळतो.

खरी गंमत पुढे आहे. पूरिया रागातही हेच सूर आहेत आणि सोहनीतही. तरी तिन्ही राग वेगळे. मारव्यात कोमल रे आणि ध यांच्यावर जोर, पूरियात ग आणि नी यांना मान आणि मुक्काम खालच्या पट्टीत, तर सोहनी वरच्या सा भोवती खेळते. भूप आणि देशकार यांचंही तसंच. सूर तेच पाच, पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर.

म्हणजे राग ही सुरांची नुसती यादी नाही. कुठल्या सुरावरून कुठे जायचं, कुठे थांबायचं, कुठला सूर नुसता स्पर्श करून सोडायचा, या सगळ्या चालीला राग म्हणतात.

मग जोडराग म्हणजे काय, तर अशा दोन चाली एकाच वेळी सांभाळणं. बसंती केदार घ्या. बसंतात रे आणि ध कोमल, केदारात ते शुद्ध. दोन्हींत मध्यम मात्र शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही लागतात. गायकाला अशा सामायिक जागेवरून एका रागातून दुसऱ्यात शिरायचं असतं, आणि तेही सांधा दिसू न देता. बसंताचा तुकडा आणि केदाराचा तुकडा नुसते शेजारी ठेवले तर ठिगळ दिसतं.

संपूर्ण मालकंसाचं कोडं आणखी वेगळं. मालकंस पाच सुरांचा, त्यात रे आणि प वर्ज्य. संपूर्ण मालकंसात हे दोन्ही सूर येतात आणि सातही सूर पूर्ण होतात. तरीही ऐकणाऱ्याला मालकंसच ऐकू आला पाहिजे. जे सूर टाळल्यामुळे मालकंस ओळखला जातो, तेच घेऊन तो टिकवायचा.

अल्लादिया खाँ यांचा हातखंडा नेमका इथे होता. मूळची धृपदाची तालीम असल्याने रागांची चाल त्यांच्या अंगात मुरलेली होती.

पण हे शिकवायचं कुणाला?

त्या काळचे उस्ताद विद्या सहसा बाहेर देत नसत. दुर्मिळ राग आणि बंदिशी ही घराची मिळकत मानली जायची. ती मुलांना, भावांना, पुतण्यांना मिळायची. खाँसाहेबांनाही तीन मुलं होती: नसीरुद्दीन ऊर्फ बडेजी, बदरुद्दीन ऊर्फ मंजी खाँ आणि शमसुद्दीन ऊर्फ भूर्जी खाँ. धाकटे भाऊ हैदर खाँ यांचीही तयारी मोठी होती.

पण घराण्याचं नाव दूरवर नेलं ते मुख्यतः घराबाहेरच्यांनी. त्यात पहिल्या रांगेत होत्या गोव्याच्या दोन स्त्रिया.

केरी गावच्या केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या होत्या. पुढे त्यांना अल्लादिया खाँच गुरू म्हणून हवे होते. खाँसाहेब सहजासहजी तयार होईनात. केसरबाईंनी पिच्छा सोडला नाही. अखेर १९२१ साली गंडाबंधन झालं आणि पुढे वर्षानुवर्षं कठोर तालीम चालली.

कुर्डी गावच्या मोगूबाईंची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. १९१९ मध्ये खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले होते. जाता-येता एका घरातून मुलीच्या रियाजाचा आवाज कानावर यायचा. एक दिवस ते आत गेले आणि शिकवू लागले. शिकवणारे हे वृद्ध गृहस्थ नेमके कोण, हे त्या पंधरा वर्षांच्या मुलीला बराच काळ माहीतच नव्हतं, असं सांगितलं जातं.

खाँसाहेब मुंबईला गेले तेव्हा त्यांच्यामागे मोगूबाईही मुंबईत आल्या. मध्ये त्यांच्या तालमीत खंड पडला. त्या काळात त्या हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. १९३४ साली त्यांचंही अल्लादिया खाँ यांच्याकडे गंडाबंधन झालं.

केसरबाई आणि मोगूबाई दोघी कलावंत समाजातल्या. या समाजातल्या बायकांचं गाणं लोक आवडीने ऐकायचे, पण त्यांना मान द्यायला कचरायचे. घराण्यातली सर्वांत अवघड विद्या त्यांनी मेहनतीने मिळवली आणि मैफलीत ताठ मानेने मांडली.

उतारवयातले घाव

शाहू महाराजांच्या निधनानंतर खाँसाहेबांनी मुंबईत बिऱ्हाड केलं. कोल्हापूरशी नातं तुटलं नाही. भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले आणि शिकवत राहिले.

मंजी खाँ यांचा स्वभाव वेगळा. मध्यंतरी त्यांनी गाणं बाजूला ठेवून कोल्हापूर संस्थानात जंगल खात्यात नोकरी केली होती. पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांनी वडिलांच्या गायकीला स्वतःचा भावपूर्ण रंग दिला. वारसा पुढे जाणार असं वाटत असतानाच घाव बसले. १९३६ मध्ये भाऊ हैदर खाँ गेले आणि १९३७ मध्ये मंजी खाँ. ऐंशी ओलांडलेल्या बापाने हे दोन्ही मृत्यू पाहिले.

मंजी खाँ यांच्याकडे तेव्हा एक कानडी तरुण शिकत होता. तालमीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. गुरू गेल्यावर तो भूर्जी खाँ यांच्याकडे गेला आणि शिकत राहिला. हा तरुण म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भूर्जी खाँ यांच्याकडे शिकल्या आणि पुढे केसरबाईंकडेही. कोल्हापूरचेच निवृत्तीबुवा सरनाईक थेट खाँसाहेबांच्या तालमीत तयार झाले.

आयुष्याच्या अखेरीस अल्लादिया खाँ यांनी आपल्या आठवणी नातवाला, भूर्जी खाँ यांचे पुत्र अझीझुद्दीन खाँ यांना सांगितल्या. त्या पुढे पुस्तकरूपाने इंग्रजीत आल्या. १६ मार्च १९४६ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं. कोल्हापुरात त्यांचा पुतळा आहे.

ज्यांचा आवाज कुठेच नाही

अल्लादिया खाँ यांच्या हयातीत ग्रामोफोन घरोघरी पोहोचला होता. त्यांच्या समकालीनांच्या तबकड्या निघाल्या. त्यांचं स्वतःचं एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. ज्याचा आवाज एकदा गेला, त्याचा नंतर कमावलेला आवाजही पुढच्या पिढ्यांना ऐकता आला नाही.

त्यांच्या शिष्येचा आवाज मात्र फार लांब गेला. १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या ओळखीसाठी सोनेरी तबकड्या पाठवल्या. त्यात भारताच्या वाट्याला आलेलं एकमेव गाणं म्हणजे केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं आणि ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आज सूर्यमालेची वेस ओलांडून पुढे चाललंय.

ही गायकी ऐकायची असेल तर सुरुवातीला केसरबाईंचा नट कामोद लावा. मग मल्लिकार्जुन मन्सूर यांचा बसंती केदार आणि त्यानंतर किशोरीताईंचा संपूर्ण मालकंस. राग ओळखता आला नाही तरी हरकत नाही. तबल्याच्या ठेक्याकडे कान ठेवा आणि गाणारा समेवर कधी, कसा येतो तेवढंच बघा. पहिल्या दोन-तीन वेळा ती जागा हुकेल. ती सापडायला लागली की आमलेट्यात आवाज गमावलेल्या त्या गवयाने काय शोधलं होतं, याचा अंदाज येऊ लागेल.